परत आलेली कॉमेडी पुढच्या सीझनला जाणार का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी आवडती सिरीयल दहा-वीस वर्षांनी परत येते, आपण जीव लावून बघतो, शेवटचा एपिसोड संपतो आणि त्याच रात्रीपासून प्रश्न सुरू होतात की अजून येणार का, कधी कळणार, आपण काही करू शकतो का. मला हेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की म्हटलं एकदा नीट बसून लिहून काढू. उदाहरणं बहुतेक अमेरिकन आहेत, कारण जुन्या सिटकॉम परत आणायचं प्रमाण तिथे सगळ्यात जास्त आहे आणि निर्णय काय झाला तेही तिथे उघडपणे जाहीर होतं.

१. रिन्यू, कॅन्सल हे ठीक, पण 'अजून काही जाहीर नाही' म्हणजे काय समजायचं?

फक्त तेवढंच समजायचं, की अजून काही जाहीर नाही. लोक याला हळूच नकार समजतात आणि तिथून अफवा सुटते. चॅनल किंवा स्ट्रीमिंग कंपनी पुढच्या सीझनची ऑर्डर देते तेव्हा सिरीयल रिन्यू होते, नको म्हणून कळवते तेव्हा कॅन्सल. मधल्या काळात आकडे मोजणं चालू असतं, कलाकारांच्या मानधनाची बोलणी चालू असतात, लेखक पुढच्या सीझनची कल्पना मांडत असतात, आणि यातलं काहीच बाहेर येत नाही.

२. शेवटचा एपिसोड येऊन दोन महिने झाले, सगळं शांत आहे. संपलं ना?

यावर मी नेहमी जवळपास वीस वर्षांनी परत आलेल्या 'फ्रेझर' या सिटकॉमचं उदाहरण देते कारण याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेलं नाही. नवीन 'फ्रेझर'चा पहिला सीझन ७ डिसेंबर २०२३ ला संपला, मग शांतता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या सीझनची बातमी आली. दुसरा सीझन १४ नोव्हेंबर २०२४ ला संपला, पुन्हा तेवढीच शांतता, आणि जानेवारी २०२५ मध्ये कळलं की ती दाखवणारी स्ट्रीमिंग सेवा पॅरामाउंट प्लस पुढे करणार नाही. म्हणजे शांतता जवळपास सारखीच, एकदा उत्तर हो आणि एकदा नाही. त्यामुळे दिवस मोजून काही कळत नाही हे मी अगदी मनापासून सांगते, मी स्वतः त्या दोन महिन्यांत रोज सकाळी उठून पहिलं तेच शोधायचे.

उलट बाजूला, खूप लवकर बातमी येणं मात्र खरंच चांगलं लक्षण असतं. 'फुलर हाउस' फेब्रुवारी २०१६ च्या शेवटी आलं आणि आठवडाभराच्या आत दुसरा सीझन जाहीर झाला, 'नाइट कोर्ट' जानेवारी २०२३ मध्ये परत आलं आणि साधारण दोन आठवड्यांत रिन्यू झालं. लवकर होकार म्हणजे कंपनी खूश आहे, पण उशीर म्हणजे नाराज आहे असं उलटं गणित लावू नका.

३. काही ठरलेली तारीख असते का?

जुन्या पद्धतीच्या चॅनलला असते. अमेरिकेतली मोठी चॅनल मे महिन्याच्या मध्यावर जाहिरातदारांसमोर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडतात, त्याला अपफ्रंट म्हणतात, आणि नवीन सीझन सप्टेंबरअखेर सुरू होतो. त्यामुळे जे लोंबकळत असतं त्याचा निकाल बहुतेक मे च्या पहिल्या पंधरवड्यात लागतो. 'मर्फी ब्राउन' परत आलं तेव्हा त्याचे १३ एपिसोड डिसेंबर २०१८ मध्येच संपले होते तरी कॅन्सल झाल्याचं कळलं ते थेट मे २०१९ मध्ये. 'नाइट कोर्ट'चा तिसऱ्या सीझननंतरचा निकालही मे मध्येच आला, २०२५ च्या.

स्ट्रीमिंगला असं कॅलेंडर नसतं. तिथे बाकी गोष्टींवरून अंदाज बांधावा लागतो, त्यासाठी प्रश्न ४ आणि ८ बघा.

४. पहिल्या एपिसोडला तुफान प्रेक्षक होते, मग काळजी कसली? नक्की बघतात तरी काय?

पहिल्या एपिसोडला येणारी गर्दी ही जुन्या प्रेमाची असते. वीस वर्षांनी तोच सोफा, तीच टायटल ट्यून, तोच आवाज, कोण नाही बघणार? जिने कधीकाळी दोनच एपिसोड बघितले होते ती मावशीसुद्धा उत्सुकतेने लावते. पण जुनं प्रेम माणसाला पहिल्या एपिसोडपर्यंत आणतं, सहाव्यापर्यंत नेईलच असं नाही, आणि पुढचा सीझन ठरतो तो सहाव्या, आठव्या, दहाव्याला किती जण टिकले यावर. म्हणून परत आलेल्या कॉमेडीचा पहिला आकडा ऐकून मी कधी नाचत नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा आकडा बघते. तिथे घसरण थांबून आकडा स्थिर झाला असेल तर जीवात जीव येतो.

चॅनलवर त्याच रात्री किती जणांनी बघितलं हे मोजतात, आणि रेकॉर्ड करून किंवा नंतर सात दिवसांत किती जणांनी बघितलं तेही धरतात. कॉमेडी लोक सावकाश बघतात त्यामुळे सात दिवसांचा आकडा बराच वाढलेला असतो, तेव्हा नुसता पहिल्या रात्रीचा आकडा दाखवून कुणी 'फ्लॉप' म्हणत असेल तर लगेच मान्य करू नका.

स्ट्रीमिंगचं वेगळं. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीला कळवलं होतं की ते निर्मात्यांना पहिल्या ७ आणि २८ दिवसांचे आकडे देतात आणि त्यात किती घरांनी नुसती सुरुवात केली, किती घरांनी ७० टक्के बघितलं आणि किती घरांनी ९० टक्के बघितलं असे वेगवेगळे गट असतात. यातली पहिली आणि शेवटची संख्या शेजारी ठेवली की सगळं दिसतं. पाच जणांनी सुरू करून चौघांनी संपवली तर ती छोटी असली तरी टिकू शकते. पन्नास जणांनी सुरू करून दहांनी संपवली तर अवघड आहे.

आणि या सगळ्याच्या शेजारी खर्च. परत आलेल्या कॉमेडीत जुने मोठे कलाकार असतात, त्यांचं मानधन नवख्या कलाकारांसारखं नसतं, आणि प्रत्येक सीझनला सगळ्यांचंच वाढतं. प्रेक्षक तेवढेच राहिले तरी सिरीयल दरवर्षी महाग होत जाते, त्यामुळे 'गेल्या वर्षी याच आकड्यावर रिन्यू केली होती' हा युक्तिवाद चालत नाही. तिसऱ्या सीझनच्या आसपास इतक्या सिरीयल का पडतात याचं माझ्या मते हेच मुख्य कारण आहे.

५. टॉप टेनमध्ये होती, तरी बंद केली. हे कसं?

'दॅट सेव्हन्टीज शो'ची पुढची पिढी दाखवणाऱ्या, नेटफ्लिक्सच्या 'दॅट नाइन्टीज शो'बद्दल हा प्रश्न अजून येतो. जानेवारी २०२३ मध्ये १० एपिसोड आले, पुढच्याच महिन्यात १६ एपिसोडची नवीन ऑर्डर मिळाली, सगळे निवांत झाले. ते १६ मग दोन तुकड्यांत आले, जून २०२४ आणि ऑगस्ट २०२४, आणि दुसरा तुकडा खरं तर ऑक्टोबरमध्ये यायचा होता तो अलीकडे ओढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यात आजोबा रेड फोरमन करणाऱ्या कर्टवुड स्मिथ यांनी स्वतः चाहत्यांना सांगितलं की पुढे होणार नाही.

नेटफ्लिक्सच्या यादीत 'व्ह्यूज' म्हणून जो आकडा येतो तो म्हणजे एकूण बघितलेले तास भागिले सिरीयलची एकूण लांबी. त्यावरून किती माणसांनी शेवटपर्यंत बघितली हे कळत नाही, खर्च किती झाला हे तर अजिबात नाही. यादीत येणं चांगलंच, पण किती आठवडे राहिली हे जास्त महत्त्वाचं. नाही टिकली तर प्रश्न ४ मधली अडचण समजा.

६. सिरीयल कुणाच्या मालकीची आहे याने काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि चाहते याकडे सगळ्यात कमी बघतात. सिरीयल बनवणारा स्टुडिओ एक असतो आणि दाखवणारं चॅनल दुसरं असू शकतं. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर परदेशी विक्री, नंतरचे रिपीट, सगळा पैसा घरातच राहतो, त्यामुळे आकडे थोडे कमी असले तरी चालवून घेतात. दाखवणारा परका असेल तर त्याला फक्त आजचा प्रेक्षक दिसतो.

मे २०१८ मध्ये फॉक्सने 'ब्रुकलिन नाइन-नाइन' बंद केली आणि साधारण दीडच दिवसात एनबीसीने उचलली. चाहत्यांच्या आरडाओरड्याचा त्यात वाटा होताच, पण मुळात ती सिरीयल बनवत होता एनबीसीच्याच घरातला युनिव्हर्सल टेलिव्हिजन, हे लोक सांगायला विसरतात. मात्र घरची आहे म्हणून वाचेलच असंही नाही, 'फ्रेझर' बनवणारं सीबीएस स्टुडिओज आणि दाखवणारं पॅरामाउंट प्लस एकाच कंपनीचे होते, तरी थांबलंच.

७. जुने कलाकार सगळे आले नाहीत म्हणून बंद पडतात का या सिरीयल?

नुसत्या तेवढ्याने नाही असं माझं ठाम मत आहे. नवीन 'फ्रेझर'मध्ये फ्रेझरचा भाऊ नाइल्स करणारे डेव्हिड हाइड पिअर्स आले नाहीत, वडील करणारे जॉन महोनी २०१८ मध्येच गेले होते, शहरही सिअॅटल सोडून बॉस्टन झालं. पहिले तीन एपिसोड मलाही घर बदलल्यावर रात्री दिव्याचं बटण चुकीच्या भिंतीवर शोधतो ना तसं झालं, फ्रेझर काहीतरी बोलायचा आणि मी नाइल्सच्या उत्तराची वाट बघायचे. पण दुसऱ्या सीझनमध्ये तो मुलगा फ्रेडी आणि मित्र अॅलन यांच्याशी ज्या लयीत बोलायला लागला, ती लय खरी होती, उसनी नव्हती. मग त्याच सीझनमध्ये सिअॅटलच्या रेडिओ स्टेशनचा एपिसोड आला, तिथले जुने सहकारी गिल आणि बुलडॉग भेटले, आणि तेव्हा जाणवलं की जुने लोक पाहुणे म्हणून आले तरी पुरतंय, नवीन मंडळी घर सांभाळतायत. कॉमेडीला हे जमायला वेळ लागतो. १० एपिसोडच्या सीझनमध्ये तो वेळ फार कमी मिळतो, जुन्या काळी वर्षाला २४ मिळायचे.

आणि दुसरं टोक बघा. 'रोझॅन'मधून खुद्द रोझॅनच गेली (कसं ते प्रश्न १२ मध्ये), तरी बाकीचं कुटुंब घेऊन 'द कॉनर्स' या नावाने ती सात सीझन चालली, २०२५ पर्यंत.

८. मुलाखतीत सगळे म्हणतायत 'आम्हाला अजून करायचंय'. चांगलं लक्षण ना?

गोड वाटतं ऐकायला, पण लक्षण नाही. काम सुरू राहावं असं कुणाला नाही वाटणार? त्यापेक्षा करार कधी संपतो ते बघा. ठरावीक तारखेपर्यंत कलाकार बांधलेले असतात, ती गेली की ते मोकळे आणि परत गोळा करणं महागात पडतं. 'कम्युनिटी' एनबीसीने मे २०१४ मध्ये बंद केली होती, याहूने ती वाचवली ती ३० जूनला, ज्या दिवशी कलाकारांचे करार संपत होते त्याच दिवशी. म्हणजे अगदी शेवटच्या तासाला. मुख्य कलाकार दुसऱ्या सिरीयलमध्ये कायमस्वरूपी घेतल्याची बातमी आली तर मात्र मी काळजी करायला लागते.

९. सेट मोडल्याचा फोटो फिरतोय.

सीझन संपला की सेट मोडून, नंबर टाकून गोदामात ठेवतात, स्टुडिओची जागा रोजच्या भाड्याची असते. रिन्यू होणाऱ्या सिरीयलचेही मोडतात. त्या फोटोवरून काही ठरवू नका.

१०. एकदम दोन सीझनची ऑर्डर मिळाली किंवा एपिसोड वाढवले तर?

मग खरंच आनंद करा. 'विल अँड ग्रेस' परत येताना आधी १० एपिसोड ठरले होते, मग १२ झाले, मग १६, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पहिला एपिसोड दिसायच्या आधीच पुढचा सीझनही मिळाला. एकूण तीन सीझन झाले आणि २०२० मध्ये आधी सांगून, नीट निरोप घेऊन संपली. एपिसोड वाढणं हे रिन्यूच्या बातमीइतकंच बोलकं असतं, आणि कमी होणं हेही.

११. शेवट अर्धवट सोडलाय, म्हणजे पुढचं ठरलेलंच असणार ना?

नाही हो. लेखक शेवट लिहितात तेव्हा बहुतेक वेळा त्यांनाही माहीत नसतं. 'आयकार्ली' तिसऱ्या सीझनला लग्नाच्या प्रसंगावर आणि आईच्या येण्यावर सोडली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सल झाली आणि ती गोष्ट तिथेच राहिली. मला अजून वाईट वाटतं त्याचं. उलटा अनुभव प्रश्न १५ मध्ये आहे.

१२. एकदा रिन्यू झाली की मग धोका नाही ना?

सहसा नाही, पण अपवाद मोठे आहेत. 'रोझॅन' मार्च २०१८ मध्ये परत आली, पहिल्याच रात्री १ कोटी ८० लाखांच्या वर प्रेक्षक, तीनच दिवसांत रिन्यू. दोन महिन्यांनी, २९ मे ला, रोझॅन बार यांच्या वर्णद्वेषी ट्वीटनंतर एबीसीने सिरीयल बंद केली. त्या वर्षीची सगळ्यात यशस्वी कॉमेडी होती ती! आकड्यांचा काही संबंधच नव्हता. दुसरा अपवाद महामारीचा, नेटफ्लिक्सची 'ग्लो' शेवटच्या सीझनसाठी रिन्यू झाली होती, शूटिंगही सुरू झालं होतं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तो निर्णय मागे घेतला. ती परत आलेली सिरीयल नव्हती पण मुद्दा तोच आहे.

१३. कॅन्सल झाली. दुसरीकडे जाईल का?

जाऊ शकते, पण पहिल्या काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, जे व्हायचं ते होतं, कारण करार (प्रश्न ८) आणि मालकी (प्रश्न ६). 'वन डे अॅट अ टाइम' नेटफ्लिक्सने मार्च २०१९ मध्ये बंद केली आणि जूनमध्ये पॉप या चॅनलने घेतली, चाहत्यांनी त्या तीन महिन्यांत आवाज खाली पडू दिला नव्हता. 'फ्रेझर' दुसरीकडे नेऊ असं स्टुडिओने म्हटलं होतं, आम्ही सगळे आशेवर होतो.

नवीन घर मिळालं म्हणजे कायमचं मिळालं असंही नाही. 'कम्युनिटी' याहूकडे एकच सीझन राहिली, याहूने त्यांच्या तीन सिरीयलवर मिळून ४ कोटी २० लाख डॉलरचं नुकसान दाखवलं आणि २०१६ च्या सुरुवातीला ती व्हिडिओ सेवाच बंद केली.

बरीच वर्षं गेल्यावर परत येण्याचा एक वेगळा रस्ता आहे तो म्हणजे रिपीट. 'फॅमिली गाय' २००२ मध्ये बंद झाली होती, पण डीव्हीडी प्रचंड खपल्या, रात्रीच्या रिपीटना प्रेक्षक मिळाले आणि २००५ मध्ये फॉक्सनेच परत आणली. आजच्या भाषेत, कॅन्सल झालेली सिरीयलसुद्धा बघत राहणं वाया जात नाही.

१४. आपण चाहत्यांनी नेमकं काय करायचं?

लवकर बघा आणि शेवटपर्यंत बघा. 'सगळे एपिसोड आले की एकदम बघू' असं म्हणणारे आपल्यातलेच खूप जण असतात, त्यांचा हेतू चांगला असतो पण पहिल्या २८ दिवसांच्या मोजणीत ते येतच नाहीत. दुसरं, एखाद्या नवीन माणसाला सोबत बसवा, ज्याने जुनी सिरीयल बघितलेली नाही असा. मी माझ्या भाचीला 'नाइट कोर्ट' दाखवलं, तिला जुन्यातलं काहीच माहीत नव्हतं, ती त्यातल्या जॉन लॅरोकेट या जुन्या कलाकाराच्या नुसत्या चेहऱ्यावर हसत होती, आणि पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून लावलं. असा प्रेक्षक मिळाला तरच सिरीयल आठवणींच्या पुढे जाते.

मोहिमा कराव्यात का? कराव्यात, पण एकदा वाचवून थांबू नका. कॉमेडी नव्हे, पण २००७ मध्ये 'जेरिको'साठी चाहत्यांनी सीबीएसला सुमारे २० टन शेंगदाणे पाठवले आणि ७ नवीन एपिसोड मिळवले. मग ते ७ पुरेसे कुणी बघितले नाहीत आणि २००८ मध्ये पुन्हा बंद. आणि एक कळकळीची विनंती, कलाकारांच्या खाजगी फोटोंखाली जाऊन 'रिन्यू कधी' विचारू नका, त्यांना बहुतेक वेळा आपल्याइतकंच माहीत असतं.

१५. वर्षं उलटली, ना रिन्यू ना कॅन्सल. असं असू शकतं?

असू शकतं, आणि कॉमेडीत जरा जास्तच. 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' नेटफ्लिक्सवर मे २०१३ मध्ये परत आली आणि त्यानंतरचा सीझन आला मे २०१८ मध्ये, कारण सगळे कलाकार तोवर इतके बिझी झाले होते की एका खोलीत आणणंच जमेना. ब्रिटनमध्ये तर सीझन न करता एखादा खास एपिसोड करायची पद्धत आहे, तिथे रिन्यू हा शब्दच लागू पडत नाही.

'गॅव्हिन अँड स्टेसी' २०१० मध्ये संपली, २०१९ च्या ख्रिसमसला एका एपिसोडपुरती परत आली, आणि त्याच्या शेवटी रस्त्यावर नेसाने एका गुडघ्यावर बसून स्मिदीला लग्नाचं विचारलं. स्मिदी तिच्याकडे बघत उभा, आणि तिथेच एपिसोड संपला. पुढचं कुणी काही सांगेना, काही जाहीर नाही, काही नाकारलेलंही नाही. पाच वर्षांनी, २०२४ च्या ख्रिसमसला, स्मिदीचं उत्तर मिळालं.